पुण्याचं खाजगी विद्यापीठ की सांगली-कराडचं कॉलेज? आधी ॲडमिशन कुठल्या दारातनं होतंय ते बघा

तासगावकडच्या एका पालकांनी विचारलंय. मुलीला सीईटीला ९१ पर्सेंटाइल, ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत, द्राक्षबाग. पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठातनं रोज फोन येतोय की कॉम्प्युटरची सीट देतो, २५ टक्के स्कॉलरशिप देतो, पण परवापर्यंत ५० हजार भरून सीट पक्की करा. मामा म्हणतोय पुणे ते पुणे, आई म्हणतेय सांगली-कराड-इस्लामपूर कुठंतरी जवळ घाला. आणि धाकटा दहावीत आहे, त्याला अकरावी-बारावीला लातूरला ठेवायचं घाटतंय.

मी इंजिनिअरिंगला शिकवलंय आणि बरीच वर्षं ॲडमिशनच्या सीझनला टेबलावर बसून लोकांचे फॉर्म भरून घेतलेत, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

दादा, ते ५० हजार आज भरू नका. विद्यापीठ बोगस आहे असं मी म्हणत नाही हां. राज्याच्या कायद्यानं झालेलं आणि यूजीसीच्या यादीत असलेलं खाजगी विद्यापीठ असेल तर त्याची डिग्री डिग्रीच असते, त्यात काही खोट नाही, यादी यूजीसीच्या साईटवर आहे, बोगस विद्यापीठांची वेगळी यादीपण तिथंच असते, पाच मिनिटांचं काम. माझा मुद्दा वेगळा आहे. लोक विचारतात विद्यापीठ कुठलं, कॉलेज कुठलं, आणि विचारायला पाहिजे ते हे की ॲडमिशन कॅपमधनं, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतनं, होतंय का बाहेरनं. कारण चार वर्षांची फी, स्कॉलरशिप, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं आणि ते नंतर बदलता येत नाही.

तुमच्याच केसमध्ये बघा. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला की ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुली, ज्यांचं कुटुंबाचं उत्पन्न ८ लाख किंवा त्याच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, आधी ते ५० टक्के होतं. तुमची पोरगी यात अगदी चपखल बसतेय. पण त्या निर्णयात दोन गोष्टी आहेत ज्या फोनवर तुम्हाला कुणी सांगणार नाही. एक, प्रवेश कॅपमधनं झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था पातळीवरची सीट घेतली की सवलत गेली. दोन, खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे खाजगी विद्यापीठं यातनं वगळलेली आहेत. म्हणजे जी मुलगी कॅपमधनं कुठल्याही मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग कॉलेजात, अगदी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा ट्यूशन फी न भरता शिकू शकते, तीच मुलगी त्या विद्यापीठात पूर्ण फी भरणार, आणि त्यातनं २५ टक्के कमी केले म्हणून आपण उपकार मानायचे. आता तुम्हीच हिशोब करा!

त्या २५ टक्क्यांचंपण जरा विचारा त्यांना, आणि तोंडी नको, मेलवर. स्कॉलरशिप पहिल्या वर्षापुरती का चारही वर्षं? पुढं टिकवायला सीजीपीए किती लागतो? एक विषय राहिला तर बंद होते का? फी दरवर्षी वाढते का? एवढं विचारलं की पलीकडचा आवाज जरा मऊ होतो, अनुभव आहे.

आणि अजून एक घोळ असतोय. एकाच संस्थेचं कॅपमधलं कॉलेज आणि खाजगी विद्यापीठ, दोन्ही शेजारी-शेजारी, कधी एकाच कॅम्पसमध्ये, नाव तेच, लोगोपण साधारण तोच. गेल्या काही वर्षांत नावाजलेली कॉलेजंच्या कॉलेजं खाजगी विद्यापीठ झालीत. मामाच्या डोक्यात असतंय दहा वर्षांपूर्वीचं कॉलेज आणि आज गेटवर असतंय विद्यापीठ. ओळखायचं कसं? सरळ विचारायचं, सीईटी सेलच्या यादीतला तुमचा संस्था कोड सांगा. कोड सांगितला तर तो कॅपच्या यादीत आणि शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत शोधा, तिथं त्या वर्षाची मंजूर फी दिसते. कोड सांगायच्या ऐवजी "सर तुम्ही एकदा कॅम्पस व्हिजिटला या" सुरू झालं की समजून जा.

समजा कुणी पैसे भरून बसलं असेल तर घाबरायचं कारण नाही. यूजीसीनं २०२४-२५ साठी काढलेल्या नियमात ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी परत असं होतं, दरवर्षीची तारीख यूजीसीच्या साईटवर बघून घ्यायची. ओरिजिनल दाखले ठेवून घ्यायचापण कुणाला अधिकार नाही, पडताळून लगेच परत द्यायचे असतात. पण नियम असणं आणि पैसे खात्यावर येणं यात किती खेटे असतात ते तुम्हाला बाजार समितीचा अनुभव असेल तर सांगायला नको.

आता सांगली-कराडचं. ९१ ला सांगलीच्या वालचंद कॉलेजचं कॉम्प्युटर डोक्यातनं काढून टाका, तिथं ९८-९९ चा खेळ असतोय. पण वालचंद म्हणजे फक्त कॉम्प्युटर नाही आणि कराडचं गव्हर्नमेंट म्हणजेपण नाही. वालचंद १९४७ चं, कराड १९६० चं, दोन्ही ऑटोनॉमस. तिथल्या सिव्हिलसारख्या ब्रँचेस शेवटच्या राऊंडला कधी कधी आवाक्यात येतात. येतील का, ते माझ्या अंदाजावर जाऊ नका, कटऑफची पीडीएफ स्वतः उघडा. सीईटी सेलच्या साईटवर प्रत्येक राऊंडची असते, मागच्या तीन वर्षांची डाऊनलोड करा, आणि ती वाचायची कशी ते सांगतो कारण ९० टक्के लोक तिथं चुकीचा कॉलम बघतात.

कॉलेजच्या नावाखाली ब्रँच, आणि ब्रँचखाली आडव्या रांगेत कोड असतात, जीओपनएच, एलओबीसीएच, जीओबीसीओ, एलओबीसीएस असले. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर महत्त्वाचं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम सोडून इतर, एस म्हणजे स्टेट लेव्हल. खाली दोन आकडे, वरचा मेरिट नंबर आणि कंसातला पर्सेंटाइल. तुमच्या पोरीनं बारावी सांगली जिल्ह्यात केलीय म्हणजे तिची होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ, म्हणजे सांगली-सातारा-कोल्हापूर. तर इथल्या बहुतेक खाजगी कॉलेजांत तिनं एलओबीसीएच बघायचं, आणि पुण्यातल्या कॉलेजांत एलओबीसीओ, कारण तिथं ती बाहेरची. होमला ७० टक्के सीट आणि बाहेरच्यांना ३० टक्के अशी ती विभागणी असते. वालचंद-कराडसारख्या सरकारी किंवा अनुदानित ऑटोनॉमसला हे होम-बिम नाही, तिथं सगळा महाराष्ट्र एका रांगेत, एस बघायचं. एल चा कॉलम रिकामा असला तर जी चा बघा, मुलीला दोन्हीकडं हक्क आहे. जीओपन तर सगळ्यांनाच खुला, ओबीसी आहे म्हणून ओपनचा कॉलम आपला नाही असं नसतंय.

माझ्या टेबलावर एकदा एक बाप पुण्याच्या एका कॉलेजचा होम युनिव्हर्सिटीचा आकडा पेनानं गोल करून घेऊन आला होता, पोरगं शिराळ्याचं. सगळी लिस्ट त्या आकड्यावर बेतलेली. अख्खी दुपार गेली ती लिस्ट परत लावण्यात.

लिस्टवरून आठवलं. ऑप्शन फॉर्म भरताना क्रम आवडीचा लावायचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. वरती अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, कॉम्प्युटर वरनं खाली बघत येतो आणि मेरिटमध्ये बसेल ते पहिलं देतो. फक्त फ्रीझचा नियम नीट वाचा. २०२५ च्या प्रवेशाला चार राऊंड होते, पहिल्यात एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ म्हणजे पक्की, पुढच्या राऊंडला जाता येत नाही, दुसऱ्यात पहिल्या तीनातला लागला की फ्रीझ, तिसऱ्यात पहिल्या सहातला. म्हणजे वरच्या सहात नको असलेलं काही "असू दे" म्हणून टाकलं तर तेच गळ्यात पडतंय. हे नियम वर्षाला बदलतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय सबमिट दाबू नका, आणि नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर तर अजिबात नको, तो एका दिवसात पन्नास फॉर्म भरत असतो.

ब्रँच का कॉलेज हा प्रश्न येणारच. माझं मत असं की पोरीला ब्रँचची खरंच ओढ असेल तर ब्रँच, आणि "सगळे घेतात म्हणून कॉम्प्युटर" असेल तर चांगलं कॉलेज. आपल्या भागात इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलला अगदीच दुष्काळ आहे असं लोक बोलतात ते काही खरं नाही. किर्लोस्करवाडी १९१० ला वसली आणि आजही पंप बनवतेय, फलटणला कमिन्सचा मोठा पसारा आहे. पगार सॉफ्टवेअरएवढा सुरुवातीला नसतो हे मान्य, उगाच खोटं कशाला सांगू. एआय-डेटा सायन्स असली नवी नावं बघून भुलू नका एवढं मात्र नक्की. बऱ्याच ठिकाणी विषय पहिली दोन वर्षं कॉम्प्युटरचेच, शिकवणारेपण तेच, बोर्ड नवीन. ते वाईट असतंय असं नाही, पण ज्या ब्रँचची बॅच अजून बाहेर पडली नाही तिचं प्लेसमेंट कुणी सांगत असेल तर ते शेजारच्या ब्रँचचं असतंय. एनबीए हे दर्जाचं मानांकनपण ब्रँचला मिळतं आणि बॅचेस बाहेर पडल्याशिवाय मिळत नाही. नॅकचं मानांकन अख्ख्या संस्थेचं असतं, त्यामुळं गेटवर ए प्लस प्लस बघून आत आपली ब्रँचपण तशीच असेल असं धरू नका.

प्लेसमेंटचा फ्लेक्स तर बघूच नका. "हायेस्ट पॅकेज" एका पोराचं असतंय आणि ते पोरगं कुठंही असतं तरी त्याला ते मिळालं असतं. त्याऐवजी एक काम करा, कॉलेजच्या साईटवर एनआयआरएफ असं शोधा, ते केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग. रँकिंगला अर्ज करणाऱ्या प्रत्येक संस्थेला भरलेली माहिती स्वतःच्या साईटवर टाकावी लागते, रँक येवो न येवो. त्या पीडीएफमध्ये एक तक्ता असतो, त्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या वेळेत पास होऊन बाहेर पडले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती, किती जण पुढं शिकायला गेले. प्रवेश आणि वेळेत पास हे दोन आकडे आधी बघा. तिथं मोठी दरी दिसली की समजायचं इयर डाऊनवाली, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलेली पोरं बरीच आहेत. आणि मीडियन म्हणजे रांगेत मधे उभ्या असलेल्या पोराचा पगार, आपलं पोरगं साधारण तिथंच कुठंतरी असणार असं धरून चालायचं.

एवढं कागदावर झालं की प्रत्यक्ष जाऊन या. ओपन डेला नको, त्या दिवशी सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेले असतात. साध्या बुधवारी-गुरुवारी अकराच्या सुमाराला जा. पोरीला बरोबर घ्या आणि तुम्ही जरा मागं राहा, तिला बोलू दे. ऑफिसला न जाता थेट डिपार्टमेंटला जायचं. लॅब उघडी आहे का, पोरं आत काम करतायत का मशीनवर कव्हर घालून ठेवलंय. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये किती पीसी चालू आहेत आणि एका पीसीवर किती जण बसलेत. जर्नल हातात घेऊन बघा कुणाचंतरी, रीडिंग स्वतः घेतलेली आहेत का सगळ्यांची सारखीच उतरवलेली, ते पान उलटलं की कळतंय. मग बाहेर चहाच्या गाड्यावर थर्ड इयरच्या पोरापोरींना विचारा, एम-थ्री (गणित-३) कुणी शिकवला? वर्षात किती मास्तर बदलले? एकाच विषयाला तीन जण येऊन गेले असं उत्तर आलं तर पगार वेळेवर होत नसणार, आणि पगार नाही तिथं शिकवणं नाही. पोरं लपवत नाहीत, कॉलेजवाले लपवतात. मुलींना हॉस्टेलबद्दल विचारायचं काम पोरीवर सोडा, रात्री नऊनंतर मेस बंद झाली तर काय करता, पाण्याचं काय, आजारी पडलं तर कोण नेतं, हे तिला बरोबर कळतं विचारायचं.

पुण्याला पाठवूच नका असं मी म्हणत नाही बरं का. पुण्यात इंटर्नशिप, मीटअप, कंपन्या, चार गोष्टी कानावर पडणं, हे आहेच, आणि बाहेर पडून पोरगी तयार होते हेपण खरं. कॅपमधनं पुण्याचं चांगलं कॉलेज लागत असेल तर जरूर पाठवा, ट्यूशन फी तिथंही माफच आहे. फक्त पुण्यातलं तळाचं कॉलेज आणि इथलं वरचं कॉलेज अशी निवड आली तर मी इथलं घेईन. रूम, मेस, येण्याजाण्याचा खर्च धरा, ते फी माफीत येत नाही. इथं सांगली-इस्लामपूर-कराड म्हटलं तर तासगावहनं घरी जाऊन-येऊन जमणारी किंवा शनिवारी घरी येणारी पोरगी असते, एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच मार्च २०२३ पासून, विद्यार्थ्यांच्या पासाला तर त्याहून जास्त सवलत. बाहेर ठेवायचंच झालं तर ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, सरकारी हॉस्टेल न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे मिळतात, अटी आणि तारखा बघून अर्ज टाका.

मामांना एवढंच सांगा की पुणे चौथ्या वर्षी इंटर्नशिपलापण गाठता येतं.

कागदपत्रांचं आत्ताच बघा, सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. जात पडताळणी प्रमाणपत्र हातात आहे का? नॉन क्रिमिलेअर चालू वर्षापर्यंत वैध आहे का? उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, त्यावर आकडा काय आलाय? ज्यांचे दाखले वेळेत येत नाहीत त्यांना ओपनमध्ये धरलं जातं, आणि मग वरचं सगळं गणित बिघडतं. महाडीबीटी म्हणजे शासनाच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी भरायचा असतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही, आणि आधार ज्या बँक खात्याला लिंक आहे तेच खातं चालू ठेवा. कॉलेजचा क्लार्क "आधी पूर्ण फी भरा, शासनाकडनं आली की देऊ" म्हणाला तर शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा आणि शांतपणे दाखवा. डेव्हलपमेंट फी, इतर किरकोळ फी काय काय आहे ते वेगळं विचारून घ्या, पावतीवर प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा.

इंजिनिअरिंगच पाहिजे का, हेपण पोरीला एकदा विचारलंय का? उगीच नाही विचारत. बारावीला गणितात रमणारी, फिजिक्सची आवड असणारी पोरगी असेल तर चांगल्या ठिकाणची बीएस्सी हा काही पडेल पर्याय नाही. सांगलीत विलिंग्डन आहे, १९१९ चं. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, ते आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आलंय, रयतच्याच साताऱ्यातल्या कॉलेजांचं मिळून झालेलं समूह विद्यापीठ, म्हणजे तिथनं पदवी शिवाजी विद्यापीठाची नाही तर त्या विद्यापीठाची. ते सरकारी कायद्याखालचं सार्वजनिक विद्यापीठ आहे, खाजगी नव्हे, नावात विद्यापीठ आलं म्हणून दचकू नका. बीसीए-बीबीएचं मात्र लक्षात ठेवा, २०२४ पासून त्यालापण सीईटी लागते, ती दिली नसेल तर ऐनवेळी पंचाईत.

राहिला धाकटा. त्याला डॉक्टर करायचं असेल तर लातूरनं काही बिघडत नाही, एमबीबीएसला जुना ७०:३० चा विभागीय कोटा होता तो २०२० मध्येच रद्द झाला, सगळा महाराष्ट्र एका मेरिटवर. पण इंजिनिअरिंगचा विचार असेल तर होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठं केली त्यावर, गाव कुठलं त्यावर नाही. बारावी लातूरला केली की त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ, आणि मग स्वतःच्या जिल्ह्यातल्या खाजगी कॉलेजात तोच बाहेरचा, ओ च्या कॉलममध्ये. वालचंद-कराडला फरक पडत नाही, बाकी ठिकाणी पडतो. आणि बारावी राज्याबाहेर, म्हणजे राजस्थानातलं कोटा नाहीतर आपल्या जत-मिरजेकडची पोरं बेळगावला जातात तसलं काही डोक्यात असेल तर मेडिकलसाठी ते तिथंच थांबवा, महाराष्ट्राच्या कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं लागते. त्याचं आधी ठरू दे काय करायचंय ते, मग लातूरच्या हॉस्टेलचे पैसे भरा.